भूमिती, कला आणि शाळेचा वर्ग : कावेरीकाठचा एक धडा

(एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दारासुरम, स्वामिमलै आणि सुंदरपेरुमाळ कोयिल ही छोटी स्थानके एकामागून एक येतात. यांपैकी शेवटच्या गावाला तेथील विष्णुमंदिराचेच नाव मिळाले आहे. तमिळ भाषेत पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भातशेतीचा पट्टा मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १६७० च्या दशकात व्यंकोजी भोसले यांनी तंजावर ताब्यात घेतले तेव्हापासून १७९९ मध्ये दुसऱ्या सरफोजींकडून राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला तोपर्यंत हा मुलूख मराठी राज्यात होता. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ मध्ये कुंभकोणमलाच झाला. तथापि येथे या प्रदेशाचा विचार करावयाचा आहे तो इतिहासासाठी नव्हे, तर शिक्षणासाठी. गणित आणि कला यांची वर्गात सांगड घालावी, असे आपली शैक्षणिक धोरणे गेली अनेक वर्षे सांगत आली आहेत. या पट्ट्यात ती सांगड शाळेच्या आवाराबाहेर फार पूर्वीच घातली गेलेली आहे. ती आवाराच्या आत का येत नाही, आणि आलीच तर कोणत्या रूपात यावी, हा खरा प्रश्न आहे.

तमिळनाडूत पहाटे अंगण झाडून, सडा घालून तांदळाच्या पिठाने उंबऱ्यापुढे कोलम काढतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, त्याला विशेष बहर येतो. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्याला ठिपका जोडत जाते. कोलमच्या ‘सिक्कु’ या प्रकारात मात्र रेघ ठिपक्याला स्पर्शही करीत नाही. ती ठिपक्यांच्या मधून वळसे घेत, स्वतःलाच छेदत जाते आणि जेथून निघाली तेथे येऊन मिळते. प्रत्येक ठिपका कोठे ना कोठे वेढला गेला पाहिजे, रेघ मोकळी सुटता कामा नये, आणि शक्यतो हात न उचलता आकृती पूर्ण व्हावी, हे तिचे नियम. मुली ते आई-आजीकडून पाहून शिकतात. त्यासाठी पुस्तक लागत नाही.

आता या रेघेला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. ठिपके आयताकृती मांडले, शेजारच्या प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मधून रेघ तिरकी नेली आणि कडेला आल्यावर ती आत वळवली, तर संपूर्ण आकृती एकाच रेघेत पुरी होईल काय? तीन ओळी आणि चार स्तंभ घेतले तर होते. तीन आणि तीन घेतले तर होत नाही; तीन वेगवेगळ्या बंद रेघा लागतात. चार आणि सहा घेतले तर दोन लागतात. पाच आणि सात घेतले तर पुन्हा एक. विद्यार्थ्यांनी कागदावर सात-आठ आकृत्या काढल्या की नियम त्यांच्याच लक्षात येतो : लागणाऱ्या रेघांची संख्या ही ओळी आणि स्तंभ यांच्या संख्यांचा महत्तम साधारण विभाजक असते. मसावि ही सहावीच्या मुलाला भागाकाराच्या शिडीवरून चढून गाठावी लागणारी कोरडी संज्ञा. येथे ती डोळ्यांना दिसते आणि बोटाने मोजता येते. शिवाय पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : असेच का व्हावे? त्या ‘का’चे उत्तर कोलम देत नाही, ते गणिताने द्यावयाचे असते.

ही केवळ शिक्षकाची कल्पना नव्हे. चेन्नईजवळच्या तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधील गिफ्ट सिरोमनी यांनी रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासह १९७० च्या दशकात कोलमच्या आकृत्यांचा औपचारिक व्याकरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. भाषेतील वाक्ये जशी थोड्या नियमांतून निर्माण होतात, तशी चित्रे थोड्या नियमांतून निर्माण करता येतील काय, हा संगणकशास्त्रातील त्या काळचा नवा प्रश्न होता. त्याची उदाहरणे या संशोधकांना प्रयोगशाळेत शोधावी लागली नाहीत. ती घरोघरच्या दारात पडलेली होती. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या शाखेत आजही उद्धृत केला जातो.

महाराष्ट्रातील रांगोळीही या बाबतीत मागे नाही. ‘१५ ते ८ ठिपके’ ही सूचना दिवाळीच्या रांगोळीपुस्तिकांत असंख्य वेळा छापली गेली असेल. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी करीत शेवटी ८. हा झाला प्रत्येक बाजूवर ८ ठिपके असलेला नियमित षट्कोन. एकूण ठिपके किती? १५ अधिक, ८ ते १४ या संख्यांच्या बेरजेची दुप्पट, म्हणजे १६९. हीच मांडणी एका ठिपक्यापासून वाढवत नेली तर संख्या येतात १, ७, १९, ३७, ६१, ९१, १२७, १६९. आता पहिल्या दोन मिळवल्या तर ८, पहिल्या तीन मिळवल्या तर २७, चार मिळवल्या तर ६४. अंगणातील सपाट षट्कोनांच्या बेरजेतून घन संख्या निघतात, कारण प्रत्येक षट्कोन म्हणजे घनाच्या एका कोपऱ्याला धरून असलेल्या तीन बाजूंचे एकेक कवच असते. आठवी-नववीच्या वर्गाला दोन तासिका पुरेल एवढे द्रव्य या एका सूचनेत आहे, आणि ती सूचना राज्यातील बहुतेक घरांना पाठ आहे.

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या अलीकडचे स्थानक स्वामिमलै. तेथील स्थपतींच्या पंचधातूच्या मूर्तींना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे. मूर्ती मेणात घडवायची, तिच्यावर कावेरीकाठच्या बारीक मातीचा लेप द्यायचा, भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा, ही मधूच्छिष्ट विधानाची पद्धत बहुतेकांना वाचून माहीत असते. शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र त्याआधी घडते. स्थपती नारळाच्या पातीची एक अरुंद पट्टी घेतो, ती नियोजित मूर्तीच्या उंचीइतकी कापतो आणि तिला ठरलेल्या ठिकाणी घड्या घालतो. कपाळ, नासिकाग्र, हनुवटी, कंठ, नाभी, गुडघा या सर्वांच्या जागा त्या घड्यांवरून ठरतात. फूटपट्टी मध्ये येत नाही.

यामागील शास्त्र तालमान या नावाने ओळखले जाते. उत्तम दशताल मूर्तीची उंची १२४ अंगुळे, मध्यम दशतालाची १२०, अधम दशतालाची ११६. परंतु हे अंगुळ म्हणजे कोणाच्या बोटाची रुंदी नव्हे, इंचही नव्हे. उत्तम दशतालात ते त्याच मूर्तीच्या उंचीचा एकशेचोविसावा भाग असते. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, पातीची पट्टी बदलते आणि घड्यांची प्रमाणे तीच राहतात. शालेय पुस्तकात ‘समरूपता’ या प्रकरणात दोन त्रिकोण काढून जे सांगितले जाते, ते येथे हातात धरता येते. वर्गात यातून कितीतरी प्रश्न निघतील. पट्टी निम्मी, पुन्हा निम्मी करीत गेल्यास १२४ चे ६२ आणि ६२ चे ३१ होतात. पुढे निम्मे करून पूर्ण अंगुळ मिळत नाही. १२० चे मात्र १५ पर्यंत जाता येते. मग ३१ समान भाग घडीने कसे पाडावेत?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे आणखी एक हिशेब पाहावा. स्वामिमलैच्या मूर्ती सामान्यतः भरीव असतात. एक फुटी मूर्तीऐवजी त्याच प्रमाणाची दोन फुटी मूर्ती मागणाऱ्या ग्राहकाला वाटते की धातू दुप्पट लागेल. प्रत्यक्षात तो आठपट लागतो, आणि तीन फुटीला सत्तावीसपट. मेण पाण्यापेक्षा किंचित हलके आणि तांबेप्रधान मिश्रधातू पाण्याच्या साडेआठ पटींच्या आसपास जड, त्यामुळे मेणाची मूर्ती वजन करून तिच्या सुमारे नऊ पट धातू धरावा लागतो. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांचा परस्परसंबंध चुकला तर येथे गुण कापले जात नाहीत, भांडवल बुडते. कारागिराला हे पक्के ठाऊक असते. त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मात्र घनफळाच्या प्रकरणात नळकांडे आणि शंकूच भेटतात. घरी ज्या पातीच्या घड्या तो पाहतो त्या गणित आहेत, असे त्याला कोणी सांगत नाही.

घडीपासून भूमितीकडे जाणारा रस्ता याच परिसरात शिकलेल्या एका माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आखून ठेवला होता, ही बाब आपल्या शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. टी. सुंदर राव हे कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयाचे पदवीधर आणि मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यातील अधिकारी. १८९३ मध्ये मद्रास येथे त्यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची प्रेरणा त्यांनी स्वतःच नमूद केली आहे : बालोद्यान पद्धतीतील आठवी भेटवस्तू, म्हणजे रंगीत चौरस कागदांचा संच. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी लहान मुलांच्या खेळासाठी आखलेल्या पद्धतीतील साहित्य सुंदर रावांनी उचलले आणि चौरस, समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन यांपासून भूमितिश्रेढी आणि शंकुच्छेदांपर्यंत नेले. कंपास नाही, मोजपट्टी नाही. कागद, तो कापण्यापुरती सुरी आणि बोटे. भूमिती ही विज्ञान आणि कला या दोहोंचा पाया आहे, म्हणून तिचे शिक्षण हाताच्या खेळातून सुरू व्हावे, अशी त्यांची भूमिका होती.

जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली. त्यामुळे ते अमेरिकेतील बेमन आणि स्मिथ या प्राध्यापकांच्या नजरेस आले आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. घड्यांनी घनमूळ काढता येणार नाही असे सुंदर रावांनी सूचित केले होते. १९३६ मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितज्ञ महिलेने ते काढता येते असे दाखवून दिले. म्हणजे पट्टी आणि कंपास यांनी जे अशक्य ठरते, ते कागदाच्या एका घडीने साधते. खेळ म्हणून सुरू झालेले साधन शास्त्रीय साधनाच्या पुढे गेल्याचे हे उदाहरण आहे. भारतीय शाळांना मात्र हे पुस्तक फारसे भेटले नाही.

त्याच शासकीय महाविद्यालयात १९०४ मध्ये श्रीनिवास रामानुजन दाखल झाले आणि इतर विषयांत अनुत्तीर्ण झाल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली, हे सर्वांना माहीत आहे. रामानुजन कोलममुळे गणिती झाले, अशा गोष्टी अधूनमधून सांगितल्या जातात. त्यांना आधार नाही आणि त्यांची गरजही नाही. प्रतिभावंताच्या उदाहरणावरून सार्वत्रिक शिक्षणाचे धोरण ठरवता येत नाही. विचार करावयाचा आहे तो वर्गातील मधल्या आणि मागच्या बाकांचा.

आणि तेथेच या विषयाची अवघड बाजू समोर येते. हस्तव्यवसाय आणि शिक्षण एकत्र आणण्याचा देशातील मोठा प्रयत्न ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेतून सुरू झाला. महात्मा गांधींनी मांडलेली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने आराखडा दिलेली नई तालीम हीच ती. चरखा हे त्यात केवळ उत्पादनाचे नव्हे, तर गणित, भूगोल आणि समाजव्यवहार शिकण्याचे माध्यम मानले होते. पुढे १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी पालकांचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. वरवर पाहता तीही ‘हाताने शिकण्या’चीच योजना होती. तिच्यावर ‘कुलक्कल्वि’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असा शिक्का बसला, राज्यभर तीव्र विरोध झाला आणि १९५४ मध्ये के. कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. विरोध योग्यच होता. चांभाराच्या मुलाने चांबडे शिवावे आणि शेतमजुराच्या मुलाने बांधावर जावे, असे शाळेनेच सांगायचे ठरवले तर शाळा काढायची कशाला?

म्हणून कला आणि भूमिती यांची सांगड घालताना एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. स्थपतीच्या मुलाला शाळेत पातीच्या घड्या शिकवण्याची गरज नाही. त्या त्याला घरी मिळतात. शाळेने त्याला त्या घड्यांमागील गुणोत्तराचे सिद्धांत द्यावेत, जेणेकरून तो स्थपती व्हायचे की अभियंता, हे स्वतः ठरवू शकेल. उलट, ज्या मुलांच्या घरी ही विद्या कधीच नव्हती, त्यांच्या हातात शाळेने ती पाती द्यावी. कोलमचेही तसेच. रेघ काढणे हे मुलींचे आणि सूत्र मांडणे हे मुलांचे, अशी वाटणी समाजाने नकळत केलेली आहे. वर्गात मुलग्यांनीही पीठ हातात घ्यावे आणि मुलींनी फळ्यावर मसाविची सिद्धता मांडावी. कलेला जन्माच्या खुंटीवरून सोडवण्याचे काम भूमिती करू शकते, कारण सिद्धता कोणाच्या घरची नसते.

धोरणांत या दिशेचे पाठबळ आहे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षणाला दहावीपर्यंत विषयाचा दर्जा देण्याची शिफारस केली आणि गणित शिकवण्याचा हेतू आकडेमोडीपुरता न ठेवता विचारांचे गणितीकरण हा मानला. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कलासमेकित अध्ययन हा शब्दच रूढ केला, आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२०-२१ पासून पहिली ते दहावीच्या वर्गांना कलासमेकित प्रकल्प अनिवार्य केला. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी ही यादी पाठ करतात. तिच्याखालील एक ओळ मात्र बहुधा वाचायची राहून जाते. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना निदेशक द्यावयाचे आहेत. पण ते अंशकालीन, आणि तेही पटसंख्या शंभरहून अधिक असल्यासच. म्हणजे डोंगराळ तालुक्यातील किंवा भाताच्या खाचरांमधील लहान शाळेत कलाशिक्षक असावा, अशी कायद्याचीच अपेक्षा नाही. अशा शाळेत गणित आणि कला यांची भेट घडवायची तर ती गणिताच्या शिक्षकालाच घडवावी लागेल. प्रशिक्षणाचा पैसा त्याच्यावर खर्च व्हायला हवा.

महाराष्ट्राकडे या बाबतीत एक जुनी, पण अर्धीच वापरलेली संधी आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्याबरोबर भूमिती व अक्षरलेखन हा विषय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चित्रकलेच्या तासाला विद्यार्थी वर्तुळात पंचकोन काढतो, आणि दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला वर्तुळाच्या रचना पुन्हा नव्याने शिकतो. पहिल्या वर्गात ‘कसे’ सांगितले जाते, दुसऱ्यात ‘का’. दोन्ही शिक्षक एकाच शिक्षककक्षात बसतात, पण वेळापत्रक त्यांना एकत्र आणत नाही.

खर्चाचा प्रश्न येथे जवळजवळ नाहीच. रद्दी कागद, मूठभर पीठ आणि झावळीची पात कोणत्याही शाळेला परवडते. दुर्मीळ साधन आहे ते शिक्षकाचा वेळ, आणि त्या वेळेची वाटणी परीक्षा करते. आजचा कलासमेकित प्रकल्प बहुतेक ठिकाणी चमकी लावलेल्या तक्त्यावर येऊन थांबतो. तो पुष्कळदा पालकांनी केलेला असतो, साहित्य दुकानातून आणलेले असते आणि गुण सुबकतेला मिळतात. अशा प्रकल्पात ज्याच्या घरी पैसा आणि फुरसत आहे तो पुढे जातो. त्याऐवजी परीक्षेत प्रश्नच वेगळा यावा. त्रिकोणाचा कागद द्यावा. वरचा शिरोबिंदू सर्वांत लांब बाजूवरील लंबपादाशी आणि उरलेले दोनही त्याच बिंदूशी दुमडून आणायला सांगावेत. तिन्ही कोन एका सरळ रेषेत बसलेले दिसतील. मग विचारावे : हे याच त्रिकोणात झाले, की प्रत्येक त्रिकोणात होईल? पहिली घडी पायाला समांतर का येते? किंवा सहा ओळी आणि नऊ स्तंभांचे ठिपके छापून, न काढता किती रेघा लागतील ते लिहा आणि कारण द्या, एवढेच विचारावे. असा प्रश्न तपासायला परीक्षकाला अधिक वेळ लागेल, आणि मंडळाला तपासणीसाठी अधिक मानधन द्यावे लागेल. कला आणि भूमिती यांच्या सांगडीसाठी सार्वजनिक निधीतून करावयाचा सर्वांत उपयुक्त खर्च तोच आहे.